केमोचं वेळापत्रक आणि घरचा स्वयंपाक: नागपुरात मुलाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आलेल्या आईबाबांसाठी

मुलाला घेऊन नागपुरात आलं की पहिल्याच आठवड्यात दोन बाजूंनी सल्ले सुरू होतात. वॉर्डात सांगतात, "प्रोटीन जास्त द्या, बाहेरचं देऊ नका." गावाकडून फोन येतो, "बाई, लेकराले नारळाचं पाणी पाज, गर्मी निघून जाईन." पण ज्याला भाताचा वासही नकोसा झालाय, त्या पोरासाठी खोलीतल्या एका शेगडीवर आज दुपारी काय शिजवायचं, ते या दोन्हींतून कळत नाही. हा लेख त्यासाठी आहे. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून किंवा छिंदवाडा, बालाघाटकडून येऊन मेडिकलच्या (शासकीय मेडिकल कॉलेजच्या), तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या, जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्यांना तो जास्त उपयोगी पडेल.

कॅन्सर झालेल्या मुलाचा असा कायमचा एकच आहार नसतो. केमो चालू असते तेव्हा एक खाणं, रक्तातल्या पेशी पडतात (कमी होतात) तेव्हा दुसरं आणि पेशी वर आल्या की तिसरं. स्वयंपाक त्या वेळापत्रकाप्रमाणे बदलायचा. महागाच्या वस्तू लागत नाहीत. वरण, भात, दूध, अंडी, फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि तूप यांतच बहुतेक काम होतं. तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी इथल्यापेक्षा वेगळं सांगितलं, तर त्यांचं ऐका. त्यांच्या हातात रिपोर्ट असतात.

पायरी १: स्वयंपाकाआधी वॉर्डात काय विचारायचं

दाखल झाल्यावर एक वही करा आणि पहिल्या पानावर या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या.

मुलाला कोणती औषधं चालू आहेत आणि त्यांत स्टेरॉइड आहे का? पेशी, म्हणजे काउंट, साधारण कोणत्या दिवशी पडतील? बऱ्याच केमोंमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास त्या सर्वांत खाली असतात, पण प्रत्येक औषधाचं गणित वेगळं. दही चालेल का? यावर प्रत्येक वॉर्डाचा नियम निराळा असतो. तोंडाने घ्यायची कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कोणती दुधाबरोबर नाही?

आणि एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: सध्या पोटॅशियमवर बंदी आहे का? रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचाराच्या पहिल्या दिवसांत कॅन्सरच्या पेशी एकदम फुटतात, त्यांतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदयाला धोका होऊ शकतो. त्या दिवसांत नारळपाणी, केळी आणि फळांचे रस बंद ठेवायला सांगतात. गावाकडचा नारळपाण्याचा सल्ला नेमका तेव्हाच येतो.

वजन वहीत दर आठवड्याला लिहा, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. पोटात मोठी गाठ असेल तर मात्र काटा फसवतो. गाठीच्या वजनामुळे मूल भरलेलं दिसतं आणि हात मात्र काडीसारखे होत जातात. अशा वेळी दंडाचा घेर मोजतात. अंगणवाडीतली लाल-पिवळी-हिरवी पट्टी आठवत असेल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर १२.५ सेंटीमीटरच्या खाली गेला तर कुपोषण, ११.५ च्या खाली गेला तर तीव्र कुपोषण. मोठ्या मुलांचे आकडे वेगळे, ते आहारतज्ज्ञ सांगतील. कुपोषित मुलाला औषधांचा त्रास जास्त होतो आणि त्यामुळे डोस पुढे ढकलावे लागतात. म्हणून खाण्याकडे उपचाराचाच भाग म्हणून बघा.

पायरी २: खोलीतलं स्वयंपाकघर

तीन लिटरचा कुकर, एक झाकणाचा गंज (पातेलं), एक कढई, दोन सुऱ्या, दोन पाट आणि तोंड रुंद असलेला चांगला थर्मास. सुऱ्या आणि पाट दोन-दोन यासाठी, की कच्चं मटण, चिकन किंवा अंडं ज्यावर हाताळलं त्यावर फळ कापायचं नाही. थर्मासवर कंजुषी नको, हॉस्पिटल खोलीपासून लांब असेल तर सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

किराणा इतवारीत स्वस्त पडतो, भाजी कॉटन मार्केटला. मेडिकल किंवा मानेवाडा रोडच्या बाजूला राहत असाल तर सक्करदऱ्याचा बुधवार बाजार जवळ आहे. जामठा वर्धा रोडवर गावाबाहेर पडतं, तिकडे राहणाऱ्यांनी शहरात फेरी झाली की टिकणाऱ्या वस्तू भरून ठेवाव्यात: तांदूळ, मूगडाळ, तूरडाळ, रवा, फल्लीदाणे, फुटाणे, शिंगाड्याचं पीठ, गूळ, तूप, दूधपावडर. फल्लीदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडू किंवा बुरशीचा वास येणारा एकही दाणा डब्यात राहता कामा नये. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही.

पायरी ३: पाणी, हात आणि घड्याळ

पिण्याचं पाणी चांगलं खळखळ उकळून, झाकून गार करा. ते काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा, ग्लास बुडवायचा नाही. स्वयंपाकाआधी, मुलाला भरवण्याआधी आणि त्याची शी-शू किंवा उलटी आवरल्यानंतर साबणाने हात धुवा. केमोनंतर साधारण दोन दिवस मुलाच्या लघवीत आणि उलटीत औषधाचा अंश असतो, तेव्हा ते आवरताना हातमोजे घाला. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये. सर्दी-खोकला किंवा जुलाब झालेल्या माणसाने त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. सासूबाई असल्या तरी हेच.

आता घड्याळ. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तोच वेळ एक तासावर येतो. नागपुरात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत ३२ अंश म्हणजे थंडावाच. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. सकाळी सातला भरलेला स्टीलचा डबा दुपारी एकला वॉर्डात उघडला, तर ते अन्न वासाला चांगलं असलं तरी मुलाला देऊ नका. त्यावर उपाय थर्मासचा. आधी त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओतून द्या आणि वाफाळती खिचडी किंवा वरण गळ्यापर्यंत भरून झाकण लावा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर गार होतो. अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं की जंतू वाढत नाहीत. वॉर्डात उघडल्यावर चटका बसेल इतकं गरम असलं तर ठीक. कोमट झालं असेल तर ते तुम्ही खा, मुलाला नको.

उरलेलं अन्न मुलाला पुन्हा द्यायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवलेलं असावं आणि देताना त्याला पूर्ण उकळी यावी. फ्रिज नसेल तर उरेल इतकं शिजवूच नका. अर्ध्या वाटीची खिचडी करायला लाज कसली?

पायरी ४: केमोचे दिवस

या दिवसांत पोट भरवण्याच्या मागे लागू नका. घोटभर पाणी, चार घास आणि उलटी न होणं, एवढं जमलं तरी पुष्कळ. उलटीचं औषध जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असेल तर ते अर्ध्या तासाआधीच द्या, ताट समोर आल्यावर नाही. दर दोन तासांनी छोटी वाटी. मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, भाजलेला पाव, गार केलेली पेज, साधा दहीभात (दही चालत असेल तर). गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, त्याने मळमळ वाढते. म्हणून मुलाच्या खोलीत फोडणी देऊ नका आणि डब्याचं झाकण त्याच्या नाकासमोर उघडू नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. मूल खात नाही म्हणून आई केमोच्या दिवशी त्याचा सर्वांत आवडता पदार्थ करून आणते. तो त्याच दिवशी उलटून पडतो आणि मग महिनोन्महिने मूल त्याकडे बघत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत केमो घेणाऱ्या मुलांवर याचा अभ्यास झाला. पोटाला त्रास देणाऱ्या औषधाच्या थोडं आधी एक नव्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांनी पुढे ते आइस्क्रीम सहसा नाकारलं. शरीर त्रासाचा दोष औषधाला न देता खाण्याला देतं. तेव्हा रोजच्या आधाराचे पदार्थ, दूध, अंडं, खिचडी, जे काही त्याचं असेल ते, केमोच्या ऐन तासांत पुढे करू नका.

काही औषधांनी तोंडात लोखंडासारखी चव येते. स्टीलचा चमचा बदलून प्लास्टिकचा किंवा लाकडी घेतला तर थोडा फरक पडतो.

कमरेतलं इंजेक्शन किंवा बोन मॅरोची तपासणी असेल त्या दिवशी मुलाला भूल देतात आणि उपाशी ठेवायला सांगतात. सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. होतं काय, की रात्री नऊला जेवलेलं मूल सकाळी अकरापर्यंत, कधी त्याहून पुढे, कोरडं राहतं आणि आठवड्यातून एक-दोन वेळा असं झालं की वजन तिथंच घसरतं. आदल्या संध्याकाळी सिस्टरना विचारा, "नंबर साधारण किती वाजता?" दहाचा असेल तर पहाटे साडेतीनला उठवून दूध-पोळी किंवा शिरा भरवा. झोपमोड होते, पण मूल चौदा तास उपाशी राहत नाही. पाणी किती वाजेपर्यंत चालेल तेही विचारून घ्या आणि भूल उतरल्यावर लगेच द्यायला खाणं थर्मासमध्ये तयार ठेवा.

पायरी ५: काउंट पडलेले दिवस

इथं प्रश्न भुकेपेक्षा जंतूंचा आहे. या दिवसांत कच्चं काही नाही: कोशिंबीर, मोड आलेली कच्ची मटकी, न तापवलेलं दूध, अर्धवट शिजलेलं अंडं, वरून भुरभुरलेला हिरवा सांबार (कोथिंबीर). सांबार फोडणीत शिजवून टाका, चव तीच राहते. अंडं पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडायचं, हाफ फ्राय नाही. ठेल्यावरची कापलेली पपई, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, तर्री-पोहे, हे सगळं बंद. घरी जाड सालीची फळं आणा, आधी अख्खी धुवा, मग सोला आणि लगेच द्या: केळी, संत्री, मोसंबी. सफरचंद वाफवून. द्राक्षांसारखी नाजूक सालीची फळं काउंट वर येईपर्यंत राहू द्या.

काही ठिकाणी याहून कडक यादी देतात, सगळी फळं बंद वगैरे. मुलांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की स्वच्छतेचे साधे नियम पाळणाऱ्या मुलांमध्ये आणि ती कडक यादी पाळणाऱ्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण सारखंच होतं. तरी तुमच्या वॉर्डाचा नियम कडक असेल तर तो पाळा. त्यांनी तो तिथली गर्दी आणि पाणी बघून केलेला असतो.

संत्र्यांच्या गावात राहून संत्रं खायचं नाही असं कोणी सांगत नाही, तोंडात फोड असतील तर तेवढे दिवस सोडा, कारण झोंबतं. पपनस किंवा चकोतरा मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. त्यातल्या काही घटकांमुळे काही औषधं शरीरात जास्त काळ साचून राहतात. संत्र्या-मोसंबीचं तसं नाही.

*तोंड आलं असेल तर.* तिखट, मीठ, आंबट आणि गरम, हे चार बाजूला ठेवा. दर जेवणानंतर एक ग्लास कोमट उकळलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या. लहान मुलाला चूळ भरता येत नसेल तर सिस्टरकडून कापसाने तोंड पुसायचं शिकून घ्या. खायला द्यायचं ते गार आणि गुळगुळीत: शिंगाड्याची खीर, दूधभात कुस्करून, घोटलेली मूगडाळ, पिकलं केळं दुधात, दिनशॉसारख्या कंपनीचा पॅकबंद आइस्क्रीमचा कप. सुटी कुल्फी नको. प्लेटलेट कमी असतील तर चकली, पापड, हाडाचे तुकडे, ऊस बंद. हिरडी कापली तर रक्त थांबत नाही.

शिंगाडा भंडारा-गोंदियाच्या तलावांतला, त्याचं पीठ इतवारीत मिळतं. एक चमचा तुपात दोन मोठे चमचे पीठ मंद आचेवर खमंग होईपर्यंत परता. गार दुधाची एक वाटी थोडी थोडी घालत गुठळ्या मोडा. साखर आणि एक मोठा चमचा दूधपावडर टाकून दाटसर होईपर्यंत ढवळा. वाटी गार पाण्यात ठेवून निववा. याला वास फारसा नसतो, त्यामुळे मळमळणारं मूलही घेतं.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर स्वयंपाक, डबा, सगळं सोडून हॉस्पिटल गाठा. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका.

पायरी ६: स्टेरॉइडचे आठवडे

रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे हमखास येतात. काल न खाणारं मूल आज रात्री दोनला उठून जेवण मागतं. चेहरा गोल होतो, स्वभाव चिडका होतो आणि आईला वाटतं, चला, अंग धरलं. ती फुगवट असते. स्टेरॉइड पाणी आणि चरबी वाढवतं, स्नायू मात्र झिजवतं. रक्तातली साखर आणि रक्तदाबही वाढू शकतो. म्हणून भूक मारू नका, पण तिला भाकरी-डाळीकडे वळवा. पापड, लोणचं, कुरकुरे, शेव, बाटलीबंद गोड पेयं घरातच आणू नका, एकदा दिसली की रडारड होते. मुगाचं धिरडं, अंड्याची भुर्जी, उकडलेले चणे, पाटवडी (तिखट-मीठ बेताचं), बिनमिठाच्या मुरमुऱ्यांत दाणे, हे डब्यांत भरून ठेवा. रात्रीच्या भुकेसाठी उशाशी फुटाण्यांची डबी. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र अख्खे दाणे किंवा फुटाणे नकोत, घशात अडकतात. कूट करून द्या.

याच काळात काहींना अॅस्पॅराजिनेजचं इंजेक्शन असतं. त्यानंतर पोटात जोरात दुखलं, पाठीत कळ गेली आणि उलट्या झाल्या, तर काही न भरवता डॉक्टरांना दाखवा. स्वादुपिंडाला सूज असू शकते.

पायरी ७: भरपाईचा आठवडा

काउंट वर आले, तोंड भरलं, पुढच्या केमोला अजून काही दिवस आहेत, ही खरी संधी. या आठवड्यात गेलेलं वजन परत आणायचं असतं आणि नेमका याच आठवड्यात घरात जरा सैल वातावरण असतं. "आता बरा आहे, खाईल त्याचं तो" असं म्हणून ही वेळ घालवू नका.

पोट लहान आहे, म्हणून घास वाढवायचे नाहीत, घासातला जोर वाढवायचा. एक चमचा तूप किंवा तेल म्हणजे जवळपास ४५ कॅलरी. एक अंडं म्हणजे सुमारे ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फल्लीदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि १७० कॅलरी. हे सगळं रोजच्या खाण्यात दिसणार नाही असं मिसळता येतं.

*खिचडी.* तांदूळ अर्धी वाटी, मूगडाळ अर्धी वाटी. डाळ आणि तांदूळ सारखे घ्यायचे, नेहमीसारखी डाळ कमी नाही. दुधी किंवा गाजर किसून, हळद, जिरं, बेताचं मीठ, पाणी पाच वाट्या. चार-पाच शिट्ट्या. झाकण उघडल्यावर मंद आचेवर ठेवून एक फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडा आणि ढवळत तीन-चार मिनिटं खदखदू द्या. ते विरघळून जातं, मुलाला कळतही नाही. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांनी एक मोठा चमचा दाण्याचा बारीक कूट घालावा. वाढताना वाटीत दोन चमचे तूप.

*मोडाच्या पिठाची युक्ती.* ही मला फार मोलाची वाटते आणि खर्च जवळपास नाहीच. पेज दाट केली की मूल गिळत नाही, पातळ केली की तिच्यात पाणीच जास्त. गहू बारा तास भिजवा, कापडात बांधून दीड दिवस मोड आणा, कडक उन्हात वाळवा, हलके भाजा (काळे करायचे नाहीत, नाहीतर गुण जातो) आणि दळा. ज्वारीला मोड आणून हे करू नका, तिच्या कोवळ्या मोडांत विषारी द्रव्य तयार होतं. आता रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची पेज चांगली दाट शिजवा, खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा आणि एक छोटा चमचा हे पीठ घालून ढवळा. डोळ्यांदेखत पेज सैल होते. मोडातलं पाचक द्रव्य पिठातला स्टार्च तोडतं. मग पुन्हा एक उकळी काढा. पाणी न वाढवता तेवढ्याच वाटीत जवळजवळ दुप्पट पीठ बसतं. वरून दूधपावडर, गूळ, तूप.

*वरणाचं पाणी आणि अळणी रस्सा.* विदर्भात आजारी माणसाला डाळीचं पाणी आणि मटणाचा अळणी रस्सा देतात आणि तुकडे बाकीचे खातात. ताकद त्या तुकड्यांत आणि खालच्या घट्ट डाळीत असते, वरच्या पाण्यात चव आणि मीठ. रस्सा द्या, भूक उघडते, पण मटण किंवा चिकन मऊ शिजवून, बारीक कुटून त्यातच घाला. सावजी मसाला घरातल्या मोठ्यांसाठी ठेवा.

मुलाला दोन गोष्टींतून निवडू द्या: "धिरडं की शिरा?" काय खायचं असं उघडं विचारलं की उत्तर "काहीच नाही" येतं. ताट लहान घ्या. अर्ध्या तासात झालं तेवढं झालं, उचला. मारून, नाक दाबून भरवलेला घास बाहेर तर येतोच, पुढचं जेवणही घालवतो.

दुकानातली डब्यातली पावडर घ्यायची की नाही? डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर घ्या, सांगितलेल्या मापाने. जाहिरात बघून घेत असाल तर त्या पैशांत किती अंडी आणि किती लिटर दूध येतं याचा हिशेब आधी करा.

पायरी ८: पोट बिघडलं तर

जुलाब लागले की आधी फोन, मग घरगुती उपाय. ओआरएसचं पुडकं त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, मोठं पुडकं असेल तर एक लिटरमध्ये, एकाच वेळी पूर्ण विरघळवा. चोवीस तासांनी उरलेलं फेका. सोबत पेज, मऊ भात, केळं. दूध दोन दिवस कमी करून बघा.

व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने उलट होतं, शौचाला होत नाही आणि पोट फुगतं. पाणी, भिजवून उकळलेल्या मनुका, पपई (घरी सोललेली), ज्वारीची मऊ भाकरी. शौचाच्या जागेतून औषध किंवा एनिमा घरी कधीही द्यायचा नाही. काउंट कमी असताना तिथली छोटी जखमही मोठा संसर्ग घडवते.

कितीही केलं तरी वजन घसरत राहिलं तर डॉक्टर नाकातून नळी सुचवतात. पुष्कळ घरी याला नाही म्हणतात, नळी म्हणजे शेवट असं वाटतं. तसं नाही. नळी असली की जेवणावरून रोजची भांडणं संपतात, औषधंही नीट जातात आणि तोंडाने खायला आलं की ती निघते. नळीतून काय, किती आणि किती वेळात द्यायचं ते सुट्टी व्हायच्या आत स्वतःच्या हाताने करून शिका.

पायरी ९: भेटायला येणाऱ्यांचं काय

प्रेमाने आणतात, नाही कसं म्हणायचं? सरळ डॉक्टरांचं नाव पुढे करा: "मोठ्या डॉक्टरांनी सक्त मना केलंय." त्यावर कोणी रागवत नाही. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यातला, कोराडीच्या देवीचा, रामटेकचा प्रसाद आला तर कपाळाला लावून बाजूला ठेवा. सुका, पॅकबंद असेल तर ठीक, पण कच्च्या दुधाचं पंचामृत आणि तीर्थ मुलाच्या तोंडात नाही.

गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, प्लेटलेट वाढवणाऱ्या पुड्या: काहीही डॉक्टरांना न विचारता नको. कच्च्या रसात जंतू असतात आणि गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या घटना भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध चालू असताना फॉलिक अॅसिड असलेली टॉनिकंही स्वतःहून द्यायची नाहीत, ती औषधाच्या आड येतात. आणि "साखर बंद करा, कॅन्सर साखरेवर वाढतो" हे ऐकून वाळलेल्या पोराचा शिरा बंद करणाऱ्यांना काय म्हणावं? स्टेरॉइडने साखर वाढली असेल तर गोड आवरायचं, एरवी त्याला त्या कॅलरी हव्या आहेत.

पायरी १०: तुमचं ताट आणि गावचा मुक्काम

सोबत असलेल्या आईने मुलाचं उष्टं आणि चहा यावर दिवस काढू नये. हॉस्पिटलजवळच्या अन्नछत्रात किंवा शिवभोजन केंद्रात मोठ्यांची सोय स्वस्तात होते. तिथलं मुलाला नको, तुम्ही पोटभर खा. नवसाचे कडक उपवास करायचेच असतील तर ते गावी असलेल्या माणसाने करावेत. रात्री मुलासोबत जागणाऱ्या बाईने नाही. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काम आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी करून घ्या, म्हणजे हातातले पैसे दूध-अंड्यांना उरतात.

दोन केमोंच्या मधे गावी सुट्टी मिळते. जाताना मोडाचं पीठ, ओआरएस, थर्मामीटर आणि ती वही सोबत न्या. विहिरीचं पाणी उकळूनच. बकरीचं धारोष्ण दूध औषधी म्हणून कोणी पुढे केलं तर तापवून घ्या, धार काढून थेट नाही. लग्नाचा हंगाम असेल तर मुलाला पंगतीला नेण्याआधी घरीच जेवू घाला. तिथं हट्टच केला तर कढईतून आत्ता उतरलेला गरम भात आणि वरण, पहिल्या वाढीतलं. मठ्ठा, कोशिंबीर आणि बर्फाचं पाणी त्याच्या पानापर्यंत येऊ देऊ नका.